आज तिकीट नाही

कचऱ्याची गाडी गुरुवारी सकाळी येते हे एनिड लेडलर आजवर कधी विसरली नव्हती, आणि त्या गुरुवारी विसरली. भाऊ जाऊन अजून आठवडा व्हायचा होता. भाऊ गेला की बहिणीचे वार चुकतात असे कोणी म्हणाले असते तर तिने ऐकून घेतले नसते. ज्याच्याशी अर्धे आयुष्य अबोला धरला, त्याच्या जाण्याने आपले काय म्हणून चुकावे? पण गाडीची घरघर गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ती अंगात गाऊन, डोक्याला कर्लर अशा अवतारात चहा ओतत होती, आणि कचरा अजून घरातच. मग एकच धांदल. एका हाताने चाकांचा डबा खडखडत ओढत, दुसऱ्या काखेत जुन्या वर्तमानपत्रांचे उघडे टोपले धरून ती पायऱ्या उतरली, आणि उतारावर नदीकडून वर येणाऱ्या वाऱ्याने तिच्या गाऊनची गाठ सोडवून दोन्ही पदर दोन दिशांना लावले. आत जे काही होते ते तोकडे होते, विटलेले होते आणि सत्तरीच्या बाईला अजिबात शोभणारे नव्हते. झाकता आले असते. टोपले खाली टाकायचा अवकाश होता. पण टोपले टाकले असते तर आठवड्याभराची वर्तमानपत्रे गल्लीभर झाली असती, म्हणून ती काखेतले टोपले आणखी घट्ट धरून तशीच उभी राहिली. गाडीवरचा माणूस, पन्नाशीचा, लाल तोंडाचा, जागच्या जागी थबकला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग त्यावर असा काही आनंद पसरला की एनिड बघतच राहिली. "अरे ए, बघ! बघ की इकडं! विनी!" तो ओरडला, आणि छातीवर हात ठेवून, साऱ्या हीटन वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघून घे राजा, आज तिकीट नाही!" गाडीतून आणखी दोन आवाजांनी तेच शब्द उचलले. मग त्याला भान आले. त्याने धावत येऊन डबा तिच्या हातातून घेतला, टोपले घेतले, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाला, "राग नका मानू हं, मावशी. तोंडातून निघून गेलं. पण खरं सांगतो, आजचा दिवस चांगला जाणार माझा."

ती घरात आली, गाऊन बांधला, आणि खुर्चीवर बसून रागाची वाट बघू लागली. राग यायलाच हवा होता. विनीचे नाव निघाले की तो येत असे. आता इतक्या वर्षांत तो घरचाच झाला होता, त्याला बोलावणे धाडावे लागत नसे. पण आज चहा गार झाला, कर्लर टोचू लागले, तरी त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या जागी तो कचरेवाल्याचा चेहरा येऊन बसला होता. असा चेहरा आपण कुठे पाहिला आहे, ते ती आठवू लागली. चॅपलमध्ये एवढी वर्षे पुढच्या बाकावर बसून तिने माणसांचे चेहरे पाहिले होते. झुकलेले, झोपाळू, कधी खरोखर दुःखाने पिळवटलेले. पण काही समोर प्रकट झाल्यासारखे, इतकी वर्षे ऐकत होतो ते खरेच निघाले असे वाटून उजळून गेलेले कोणी तिने कधी पाहिले नव्हते. आणि हे कशाने? एका म्हातारीच्या सुटलेल्या गाऊनने. तिला आपल्या अंगावर शहारा आला असे वाटले, आणि तो थंडीचा नव्हता हे तिने कबूल केले.

वाइड लोड विनी. अवजड मालाच्या ट्रकमागे जपून चालवा म्हणून लिहितात ते दोन शब्द, आणि पुढे एका बाईचे नाव. तिच्या भावाने, क्लिफने, ती काढली तेव्हा तो तिशीचा होता, बोटबांधणीच्या कारखान्यातून नुकताच कमी केलेला, आणि एका पबच्या माडीवर दोन-चार सोबत्यांबरोबर व्यंगचित्रांचा गचाळ छपाईचा एक अंक काढून तो हातोहात विकत होता. पहिल्या अंकात विनी शेवटच्या पानावर होती. दारात न मावणारी बाई. ओठात सिगारेट, डोक्याला कर्लर, आणि दंड असे की त्यांच्यावर पाळणा टांगावा. एनिडने तो एकच अंक पाहिला आणि चुलीत घातला. पण या शहरात राहून विनी माहीत नाही असे होणे शक्यच नव्हते. अंक देशभर गेला. विनी कपांवर गेली, ट्रकांच्या काचांवर गेली, लोकांच्या कातडीवर गोंदली गेली. शाळेच्या ऑफिसात एनिड सेक्रेटरी होती, तिथे मुतारीच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने विनी काढली तेव्हा ती स्वतः बादली घेऊन गेली आणि पुसत असताना तिच्या लक्षात आले की दंडाची रेघ पोराला चांगली साधली आहे. हेडमास्तरांनी मुलांना तासभर झापले. त्यांच्या खणात तोच अंक होता, हे तिला माहीत होते, कारण खण तीच लावत असे.

विनीचे एक होते, ती स्वतः होऊन कधी काही सोडत नसे. हे तिला आवडणाऱ्यांनी आणि न आवडणाऱ्यांनीही मान्य केले होते. वारा सोडवायचा, कुत्रे ओढायचे, पाद्रीबुवांची छत्री अडकायची, लिफ्टचे दार घात करायचे. आणि ऐन त्या क्षणी विनीचे दोन्ही हात भरलेले असायचे. गरम पावांचा ट्रे, शेजारणीचे तान्हे पोर, कोणाच्या तरी लग्नाचा तीन मजली केक. हातातले टाकले तर झाकता येईल, झाकले तर हातातले जाईल. झाकायचे की सांभाळायचे, असा प्रश्न दर अंकात यायचा आणि विनी दर अंकात सांभाळायची. भोवती माणसे थिजून उभी, बघावे की न बघावे त्यांना कळत नाही, आणि मग विनी तोंडातली सिगारेट एका कडेला सारून म्हणायची, बघून घे राजा, आज तिकीट नाही. संपले. पुढल्या अंकात पुन्हा तेच. लोकांना दुसरे काही नकोच होते. एका शनिवारी एनिड मागल्या अंगणात वाफे साफ करत असताना शहराच्या बाजूने, फुटबॉलच्या मैदानावरून, वाऱ्याबरोबर एक अजस्र आवाज आला. गोल झाल्यावरचा आवाज तिला ओळखू यायचा. हा तसा नव्हता, याला शब्द होते. भिंतीवरून डोके काढून शेजारीण हसत म्हणाली, "पाहुण्या टीममधल्या एकाची चड्डी फाटली म्हणे. रेडिओवर सांगतायत. अख्खं मैदान म्हणालं, एनिड, अख्खं मैदान! आणि तो पोरगा, फाटक्या चड्डीनिशी, वाकून नमस्कार करून गेला." एनिड "हो का" म्हणून खाली वाकली आणि चुकून गाजरांची रोपे उपटून बसली. राग होता तो. आता वाटते, नुसता रागच होता का? हजारो पुरुष एका घशाने एका उघड्या पडलेल्या माणसाला म्हणतात, असू दे रे. हे काय होते?

पण आई. सगळे तिथे येऊन अडायचे. विनी म्हणजे आई होती, त्यात शंकेला जागाच नव्हती. दंड आईचे, गळ्याखालचा तीळ आईचा, उभे राहताना एका पायावर भार देण्याची ढब आईची. मार्था लेडलर, बायकर वस्तीच्या उतारावरच्या दोन खोल्यांत तरणेपणी विधवा झालेली, लोकांची धुणी धुऊन दोन पोरे वाढवलेली, रविवारी चॅपलला हॅट घालून जाणारी आई. तिच्या दफनानंतर चॅपलच्या हॉलमध्ये रिवाजाप्रमाणे चहा झाला. हॅम होते, वाटाण्याचे पुडिंग होते, स्टॉटी पाव होता, आणि टेबलावर आईचा बाह्या वर केलेला एक जुना फोटो. गोदीतला कोणी एक दूरचा नातेवाईक बशी हातात घेऊन फोटोपुढे वाकला आणि म्हणाला, "अरेच्चा, ही तर विनी!" सगळा हॉल हसू लागला. दुष्टपणाने नव्हे, हे एनिडला तेव्हाही कळले होते, पण कळून काय उपयोग? क्लिफ भिंतीला टेकून हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते. एनिडने हातातली बशी व्यवस्थित टेबलावर ठेवली, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. "आईला नागवी करून विकून खातोस," ती म्हणाली. क्लिफने गाल चोळला नाही. तो तिच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, "एनिड, तुला आठवत नाही?" काय आठवायचे, आईने खस्ता खाल्ल्या ते? "मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "खरंच नाही आठवत तुला," तो म्हणाला, आणि या वेळी तो विचारत नव्हता. त्यानंतर ती दोघे एकाच शहरात, बसचे दोन थांबे सोडून राहिली आणि बोलली नाहीत. नाताळात तो कार्ड पाठवायचा. कार्डावर साधा रॉबिन पक्षी, विनी कधीच नाही.

आणि आता डगी हेपल उत्तर मागायला येणार होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्याचा जन्म गेला असा हा क्लिफचा जिवलग मित्र सोमवारी येऊन दारातच टोपी काढून उभा राहिला होता आणि म्हणाला होता की क्लिफला पुठ्ठ्याच्या शवपेटीतून न्यायचे आहे, आणि पेटीवर विनी रंगवायची क्लिफची इच्छा आहे, पण मिस लेडलर हो म्हणाल्या तरच. तिने विचार करून गुरुवारी सांगते म्हटले होते. विचार कसला करायचा होता? नाही म्हणायचे होते. फक्त ते लगेच म्हणणे बरे दिसले नसते. सोमवारी 'नाही' तिच्या जिभेवर तयार होते. आज गुरुवार उजाडला आणि वाऱ्याने सगळा घोळ करून ठेवला. आरशासमोर केस विंचरताना तिने मुद्दाम स्वतःच्या दंडाकडे पाहिले. आईइतके नाहीत. पण वळण तेच. टोपले धरून आपण उभे होतो तेव्हा कसे दिसलो असू, याचे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि ते क्लिफच्या हातचे होते.

चार वाजता डगी आला. बूट चकाकत होते, नखांत मात्र रंग. तिने चहा केला, हॅम घातलेला पाव पुढे ठेवला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"पुठ्ठ्याचीच का पण?" तिने विचारले.

"मेल्यावर माझ्यापायी झाड कशाला तोडता, असं म्हणायचा लोकांना. मला म्हणाला, डग्या, लाकडावर रंग फुगतो, पुठ्ठ्यावर मस्त बसतो." डगी हसला आणि लगेच गंभीर झाला. "बजावून ठेवलंय त्यानं, मिस लेडलर. एनिडला विचार. ती नको म्हणाली तर पांढरी पेटी, आणि एकानंही तोंड वाकडं करायचं नाही."

"असं म्हणाला?"

"अगदी असंच. वर म्हणाला, ती नकोच म्हणेल, तरी विचार. विचारायचा मान तिचा आहे."

एनिडने चहात साखर नसताना चमचा ढवळला. "बरीच माणसं येतील?"

"येतील म्हणजे? बसायला जागा मिळायची नाही. वॉर्डातल्या नर्सा तर सुट्टी टाकून येतायत." तो पुढे सरकला. "तुम्हाला म्हणून सांगतो. शेवटी शेवटी त्याचं सगळं त्या पोरींनाच करावं लागायचं. अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं. आणि पडदा ओढला की हा म्हणायचा, बघून घे राजा, आज तिकीट नाही. पोरी हसून हसून आडव्या. मग शेजारच्या कॉटवर एक म्हातारेबुवा आले. मोठे जज्ज होते म्हणे कुठले. तीन दिवस अंगाला हात लावू देईनात. लाज हो. रडायचे बिचारे. एका सकाळी ती छोटी नर्स पाणी घेऊन गेली, त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, आणि पडद्याच्या अलीकडून आपला क्लिफ काय म्हणाला असेल?"

"कळलं मला," एनिड म्हणाली.

"जज्जसाहेब गप्प. आम्हाला वाटलं, झालं, आता तक्रार जाणार वर. आणि मग पडद्यापलीकडून बारीक आवाज आला, 'या बाळ, पुसा.' मी तिथंच बसलो होतो. खोटं सांगत नाही." डगीने टोपी उलटी केली, सुलटी केली. "मी पाट्या रंगवल्या जन्मभर. मासे ताजे मिळतील, एवढंच लिहिलं. कुणाच्या लिहिण्यानं माणूस चादर सोडतो हे मी तिथं पाहिलं, बघा."

एनिडला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याची चादर दिसत होती, चादरीवरची बोटे एकेक करून सुटताना दिसत होती, आणि तिला काहीशी भीती वाटली. मोठ्या चर्चच्या घुमटाखाली उभे राहून वर पाहिले की वाटते तशी. एवढ्याशा ओंगळ चित्राच्या अंगात हे बळ आले कुठून?

"रंगवा," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. ती ओळ तिथे कोणी म्हणायची नाही. पाद्रीबुवा असतील. आईचं अंग आहे ते, लोकांनी बघायचं तर बघावं. पण तिच्या तोंडचं म्हणून ते वाक्य मला तिथे ऐकायचं नाही. माझी आई असलं कधी बोलली नाही."

"नाही म्हणणार कुणी. माझा शब्द." डगीचे डोळे भरले होते, ते लपवायला तो घाईने उठला. दारात मात्र घुटमळला. "एक सांगू का? तोही हेच म्हणायचा."

"काय?"

"की आई असलं कधी बोलली नाही. विनीचं अंग एकीचं आहे, म्हणायचा, आणि तोंड दुसरीचं. अंग आईचं हे आम्हाला ठाऊकच. तोंड कुणाचं रे, असं विचारलं की म्हणायचा, जिचं तोंड आहे ती माझ्याशी बोलत नाही." डगीने टोपी घातली. "आम्ही म्हणायचो, असेल कुणी जुनी मैत्रीण. सोडून गेली असेल."

"असेल," एनिड म्हणाली आणि दार लावून घेतले.

दार लावले आणि ती तिथेच, पॅसेजमध्ये, दाराला पाठ लावून उभी राहिली. आठवण अशी एकदम आली नाही. आधी वास आला. उकळत्या सोड्याचा, ओल्या सुताचा, आणि त्यात मिसळलेला कोळशाच्या धुराचा. बायकर, सोमवार. सोमवारी धुणे, मागल्या बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि साऱ्या बोळात शिडे उभारल्यासारख्या चादरी. खाली जमीन काजळीने काळी. चादर एकदा खाली टेकली की सकाळपासूनची मेहनत मातीत, पुन्हा पाणी तापवा, पुन्हा घासा, आणि ती चादर आपली नसायची, लोकांची असायची. आईचे स्वतःचे कपडेही त्याच टबात, म्हणून सोमवारी ती अंगावर एक एप्रन गुंडाळून काम करी, मागे एका नाडीने बांधलेला, आत जवळजवळ काही नाही. बोळातल्या सगळ्याच बायकांचा तो रिवाज होता आणि पुरुष कामावर असल्याने त्याचे कोणाला काही वाटत नसे. त्या सोमवारी पाद्रीबुवा आले. नवे होते, कोवळे होते, सोमवारी बोळात शिरू नये हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आईने दोन्ही हातांत मोठी ओली चादर पेललेली, दोरीवर टाकायच्या बेतात, आणि वाऱ्याने नाडी सोडवली. एप्रन उडून शेजारच्या भिंतीवर जाऊन बसला.

आईने चादर टाकली नाही. एनिडला आता ते सगळे लख्ख दिसत होते. आईचे उचललेले पांढरे दंड, मानेवर चढत गेलेला लाल रंग, गळ्याखालचा तीळ. आई थरथरत होती पण चादर जमिनीपासून वर होती. बायका आपापल्या दारांत थिजलेल्या. पाद्रीबुवांना मान वळवायचे सुचेना. कोणी हसत नव्हते, हे सगळ्यांत वाईट होते. ते गप्प राहणे असे वाढत चालले होते की आता आई त्यातून पुन्हा कधी बाहेर येणार नाही असे वाटले. कोळशाच्या कोठीच्या पायरीवर छोटा क्लिफ खडूने काहीतरी गिरगटत होता, त्याचा हात थांबला. आणि नऊ वर्षांची एक किडकिडीत मुलगी, आदल्याच आठवड्यात टाऊन मूरच्या माळावरच्या जत्रेत तंबूबाहेर उभे राहून तिकिटे विकणाऱ्या माणसाची ओरड डोक्यात घुमत असलेली, चिमट्यांची टोपली कमरेवर घेऊन पुढे झाली, त्या माणसासारखाच एक हात हवेत फिरवला, आणि पाद्रीबुवांच्या तोंडाकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, "बघून घे राजा, आज तिकीट नाही!"

बोळ फुटला. बायका दाराच्या चौकटी धरून हसल्या, एक जण तर खाली बसली. पाद्रीबुवासुद्धा हसले, मग पळाले. आणि आई, आई हसत होती, चादरीसकट हलत होती, सगळी, डोक्यापासून पायापर्यंत, लाजेचा मागमूस नसलेली, बोळात मावेनाशी झालेली. कोणीतरी तिच्या अंगावर कोट टाकला, तोवर तिने ती चादर दोरीवर टाकलीसुद्धा होती. एवढे मोठे, एवढे सुंदर काही एनिडने त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्यानंतरही पाहिले नव्हते, हे तिला आज पॅसेजमध्ये कळत होते. मग ते गेले कुठे? संध्याकाळी आईने तिला जवळ घेऊन केस विंचरता विंचरता म्हटले होते, वाचवलंस गं मला, पण चॅपलमध्ये जाणाऱ्या मुलीने पुन्हा असं बोलायचं नाही हं. एवढेच. एनिड शहाणी मुलगी होती. ती पुन्हा बोलली नाही. इतके नीट बोलली नाही की बोलली होती हेच हरवून गेले, आणि तिचे वाक्य कोळशाच्या कोठीवर बसलेल्या भावाने उचलून खिशात घातले. त्याने ते आईच्या तोंडी दिले, ट्रक ड्रायव्हरांच्या, मैदानातल्या हजारोंच्या तोंडी दिले, आणि शेवटी रडणाऱ्या जज्जासाठी स्वतः म्हटले. आणि आज सकाळी कचरेवाल्याने ते तिचे तिला आणून दिले होते. ती दाराला पाठ लावून घसरत खाली बसली. आपण रडू असे तिला वाटले होते, पण ती नुसती तोंड उघडे टाकून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, कितीतरी वेळ.

डगीला फोन करून अट मागे घ्यावी असे मनात आले होते. पण फोनवर काय सांगणार, की ती मैत्रीण मी? ते राहून गेले. मंगळवारी क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सा होत्या, पबमधली म्हातारी मंडळी होती, गोंदलेल्या हातांवर मुद्दाम पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून आलेली तरणी पोरे होती, आणि मागच्या रांगेत पिवळ्या जाकिटातला लाल तोंडाचा एक माणूस, ज्याने तिला पाहताच मान खाली घातली. पेटी पुढे होती. डगीने जीव ओतला होता. पेटीच्या अख्ख्या लांबीवर विनी, ओठात सिगारेट, दोन्ही हातांत वर उचललेली मोठी पांढरी चादर, आणि मागे बोळ. क्लिफने काढून ठेवलेला मूळ नमुना हाच असेल. डगीला त्यातले काही ठाऊक असायचे कारण नव्हते. एनिड पहिल्या रांगेत बसली, एका हातात पर्स आणि छत्री, दुसऱ्यात स्तोत्रांचे पुस्तक. पाद्रीबुवा चांगले बोलले. स्तोत्र म्हटले गेले. मग शेवटचा निरोप म्हणून त्यांनी बटण दाबले आणि जांभळा मखमली पडदा दोन्ही बाजूंनी पेटीपुढे येऊ लागला.

अर्ध्यात आला आणि अडला. कुठेतरी वर घर्र झाले. पाद्रीबुवांनी बटण पुन्हा दाबले. पडदा हिसका देऊन मागे गेला, पुढे आला, पुन्हा तिथेच. मधल्या फटीत विनी तेवढी दिसत राहिली, चादर पेललेली, दाराच्या चौकटीत सापडल्यासारखी. एक कर्मचारी मागून आला, दोरीशी झटला, नाही म्हणून मान हलवून गेला. हॉलमध्ये श्वासाचाही आवाज नव्हता. सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले, नर्सांचे खांदे गदगदणारे, तरण्या पोरांनी मुठी चावलेल्या, डगीचा चेहरा बीटासारखा. दोनशे माणसांच्या घशाशी एकच वाक्य येऊन थांबले होते आणि तिला दिलेल्या शब्दापायी कोणी ते बाहेर येऊ देत नव्हते. डगी तिच्या कानाशी वाकला. "मिस लेडलर, शपथ घेतो, मी नाही केलं हे." ते गप्प राहणे वाढत चालले. एनिडला ते ओळखीचे वाटले. बोळातले होते ते, तेच, एवढी वर्षे कुठेतरी उभे राहून तिची वाट बघत असलेले.

ती उठली. शाळेच्या ऑफिसात गोंगाट थांबवायला उठत असे तशी, ताठ. तिने पेटीकडे पाठ केली, सगळ्यांकडे तोंड केले, आणि छत्रीचा हात हवेत एकदा फिरवला.

"बघून घे राजा," मिस लेडलर म्हणाली, आवाज चिरका निघाला पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, "आज तिकीट नाही!"

आधी डगीने तिच्याकडे पाहिले, एकदम काही उमगल्यासारखे, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. मग हॉल फुटला. माणसे बाकांना धरून हसली, एकमेकांच्या खांद्यावर पडली, पाद्रीबुवांनी पुस्तक तोंडापुढे धरले, आणि पिवळ्या जाकिटातला माणूस उभा राहून रडत रडत टाळ्या वाजवत होता. पडदा हलला नाही. त्या हसण्याने फटीतली विनी चादरीसकट हलते आहे असे एनिडला वाटले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि ते पुसायचे तर पर्स, छत्री नाहीतर पुस्तक खाली ठेवायला हवे होते. तिने काहीच खाली ठेवले नाही.